कोमलची पॉलिसी आणि बाळूभाऊंची फोडणी

विम्याचं ऑफिस चालवणाऱ्याकडे पॉलिश्या जमतात त्याच्या दुप्पट किस्से जमतात. पॉलिश्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतात. किस्से मात्र आपल्याच पोटात राहतात आणि चार माणसं गप्पांना बसली की एकातून दुसरा निघत जातो. त्यातून मेडिकलच्या ऍडमिशनचे दिवस आले की विचारूच नका! एरवी लोक आम्हाला टाळतात. समोरून मी येताना दिसले तर बंद फोन कानाला लावतात. त्या दिवसांत मात्र अख्खा जिल्हा आमच्या दारात, कारण कॉलेजचा नियम असा, की हेल्थ इन्शुरन्सची कॉपी दाखवल्याशिवाय हॉस्टेलची किल्ली मिळत नाही.

आमचं ऑफिस इंदिरानगरात. ऑफिस कसलं, एक गाळा. माणसं तीन. मी, म्हणजे सगळ्यांची ‘ताई’. दुसरे खैरनार सर, सटाण्याकडच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. माणूस इतका खरा, की कुणी ‘कसे आहात’ विचारलं तर गुडघ्यापासून सुरुवात करतात. तिसरी रूपाली, कॉम्प्युटरवाली. दिवसभर मान खाली घालून टाइप करते आणि मधेच एखादं वाक्य असं टाकते की आम्ही दोघं गार.

आणि भिंतीपलीकडे मिसळवाले बाळूभाऊ. त्यांच्या एक्झॉस्ट फॅनचं तोंड बरोबर आमच्या खिडकीकडे. अकराच्या सुमाराला कटाच्या दुसऱ्या पातेल्याला फोडणी बसली की आमच्या गाळ्यातला माणूस न् माणूस ठसकतो. मी भिंतीवर थाप मारते. बाळूभाऊ दारातून डोकं आत घालून विचारतात, "ताई, आज जरा जास्त झाली का फोडणी?" इतकी वर्षं झाली, त्यांनी फॅन हलवला नाही आणि मी ओरडायची थांबले नाही.

*

निफाडकडचे एक काका मुलाला घेऊन आले होते. मुलगा नुकताच एम.बी.बी.एस.ला लागलेला. बाप खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, पोरगं सोताच डॉक्टर होऊन राह्यलं. त्याला कशाला पाहिजे विमा? तपासील की सोताचं सोता!"

सरांनी चष्मा काढला. सरांनी चष्मा काढला की समजायचं, तास सुरू झाला. "काका, उद्या ह्याचं अपेंडिक्स दुखलं तर? स्वतःचं पोट स्वतः कापणार का हा?"

काकांनी मुलाकडे वरून खाली बघितलं. बराच विचार केला.

"पहिल्या वर्षी नाय जमायचं," ते म्हणाले, "पण शेवटच्या वर्षी काढील!"

मुलाने दोन्ही हात पोटावर ठेवले. रूपाली मान वर न करता म्हणाली, "मग तोपर्यंतचीच करू का पॉलिसी?"

*

लोकांना मी तीन वाटा सांगते. एक, कॉलेजची ग्रुप पॉलिसी असेल तर ती, पण कॉलेज सुटलं की ती सुटली. दुसरी, मुलाची स्वतंत्र. तिसरी फॅमिली फ्लोटर, म्हणजे एकाच छत्रीखाली नवरा-बायको आणि पोरं. हे सगळं मी अगदी सोपं करून सांगते आणि मग कुणीतरी विचारतं, "मामाचं काय?"

मामाचं काय म्हणजे? तर मुलीच्या ऍडमिशनसाठी सगळ्या फेऱ्यांना मामा धावला होता. आई-वडील, मुलगी आणि मामा असे चौघे बसलेले. मामाने खिशातून आधार कार्डसुद्धा काढून तयार ठेवलं होतं.

"मामा फॅमिलीत येत नाहीत," मी म्हटलं.

मामाने आधार कार्ड परत खिशात घातलं. मुलीच्या आईचा चेहरा पडला. तिचा सख्खा भाऊ तो! मामा उठला, चप्पल घातली आणि बाहेर स्कूटरवर तोंड फिरवून बसला. वडील समजूत काढायला गेले. मग आई गेली. मग मुलगी गेली. शेवटी मी गेले.

"तुमचं नाव नॉमिनी म्हणून घालू का?" मी विचारलं.

"नॉमिनी म्हणजे?"

मी सांगितलं. मामा स्कूटरवरून पडायचाच बाकी होता. "थू थू थू! भाचीच्या बाबतीत असलं काय बोलता?"

अखेर रूपालीनं तोडगा काढला. संपर्कासाठी मोबाईल नंबर म्हणून मामाचा नंबर घातला. आता कंपनीचे सगळे मेसेज मामाला जातात. भाचीच्या वाढदिवसाला कंपनीने शुभेच्छा पाठवल्या, तर त्याने त्या अख्ख्या भावकीला फॉरवर्ड केल्या. वर लिहिलं, ‘कंपनीने दखल घेतली.’

*

आता जो सांगते तो किस्सा यंदाचा. तो एका बैठकीत संपला नाही, त्यामुळे मधेमधे सांगावा लागेल.

लासलगावचे निकम शेठ, कांद्याचे व्यापारी. पांढरा कडक शर्ट आणि बोलणं लिलावात बोलावं तसं, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाणारं. सोबत मुलगी, डॉक्टर कोमल. एम.बी.बी.एस. झालेली आणि आता नाशिकला एम.डी.साठी ऍडमिशन मिळालेली. विषय कुठला, तर छातीचे विकार. घरच्या फ्लोटरमधून मुलं पंचविशीनंतर बाहेर पडतात, म्हणून तिला तिची स्वतंत्र पॉलिसी हवी होती.

सर प्रश्न विचारत गेले. डायबेटिस? नाही. बी.पी.? नाही. दमा?

कोमल म्हणाली, "हो." शेठ म्हणाले, "नाय." दोघं एकदमच!

"बालदमा होता सर," शेठ हसत म्हणाले, "आता ती कुठं बाल राह्यली?"

कोमलने पर्समधून निळा इनहेलर काढला आणि टेबलावर ठेवला. शेठनी खिशातून रुमाल काढला आणि इनहेलरवर झाकला.

मग त्यांनी मला बाहेर बोलावलं. "ताई, तेवढं नका लिहू. मनमाडला बोलणं चालूय. मुलगा डॉक्टर, वडील रेल्वेत. लय चांगलं स्थळ हाय. फोटो बघून झाले, पुढच्या महिन्यात बघायचा कार्यक्रम. त्यात ही बातमी गेली तर?"

"शेठ, आमच्याकडून बातमी जात नाही."

"ताई," त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "लासलगावात खोकलं का मनमाडला ऐकू येतं!"

आत आलो तर कोमल हाताची घडी घालून बसलेली. "सही माझी लागणार ना? खरं लिहिलं तरच करीन."

"आन् स्थळ गेलं मंग?"

"आणि हॉस्टेल गेलं मग, पप्पा?"

पॉलिसी तशीच राहिली. निघताना शेठ गाडी काढायला गेले, तेव्हा मी तिला म्हटलं, तू मोठी आहेस, कमावती होतेस, तुझी तू भर आणि मोकळी हो. तर ती म्हणाली, "तसं करता येईल, ताई. पण ‘लिहा’ हे पप्पांनीच म्हणायला पाहिजे. नाहीतर मी जन्मभर बाथरूममध्ये जाऊन इनहेलर घेत राहीन. आधी माहेरी, मग सासरी."

पोरगी लोकांची छाती तपासणार आणि स्वतःची लपवत फिरणार! हॉस्टेलची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत होती.

*

पण सगळ्यांचाच असा इरेला पेटलेला मामला नसतो. काहींना फक्त अशुभ बोललेलं चालत नाही.

पंचवटीतल्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाच्या कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा बॉक्स. सरांनी सुरुवात केली, "हृदयविकार?"

"अहो शुभ बोला की!"

"कॅन्सर?"

"शुभ बोला म्हणते ना! लेकरू आज कॉलेजला जायला निघालंय!"

सर तसे पेचात सापडणारे नाहीत. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेला माणूस. त्यांनी पेन खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, "बरं. हृदय प्रसन्न आहे?"

"हो, प्रसन्न आहे!" बाई खूश.

"किडन्या आनंदात?"

"अगदी आनंदात!"

"लिव्हरची कृपा?"

"देवाच्या दयेने!"

असं करत करत सगळी प्रश्नावली पार पडली. शेवटी पॉलिसी कधीपासून सुरू करायची हा प्रश्न आला. बाईंनी पंचांग काढलं आणि म्हणाल्या, उद्या दुपारी अभिजित मुहूर्तावर. मी म्हटलं, काकू, पॉलिसी कॉम्प्युटरच्या हिशेबाने मध्यरात्रीच सुरू होते, आपल्या हातात नाही.

"मध्यरात्री?" त्या किंचाळल्याच. "तो काय मुहूर्त आहे? त्या वेळेला फक्त चोर निघतात!"

*

याच बाई पुढच्या महिन्यात परत आल्या, तोही किस्साच आहे.

नवीन पॉलिसीला पहिला महिना वेटिंग पिरियड असतो. म्हणजे अपघात झाला तर कंपनी पैसे देते, पण साधा आजार त्या महिन्यात झाला तर देत नाही. हे मी सगळ्यांना सांगते, सगळे मान हलवतात आणि विसरतात. या बाई विसरल्या नाहीत. त्यांनी मुलाला महिनाभर आजारी पडायला बंदी केली.

बंदी म्हणजे कडक! उकळलेलं पाणी, घरचा डबा, कानाला मफलर. टपरीवरचा चहा बंद. हॉस्टेलचे मित्र शिंकले तर वेगळ्या खोलीत झोपायचं. पोरगा मेडिकल कॉलेजात शिकतोय आणि आईने सांगितलंय, पेशंटजवळ जायचं नाही! तो बिचारा वॉर्डमध्ये शिरायला लागला की फोन वाजायचा, "कुठे आहेस? बाहेर ये आधी."

महिना संपला त्या दिवशी बाई पेढे घेऊन आमच्याकडे हजर. मागे मुलगा, वाळून काटकी झालेला. बाईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि सुटकेचा श्वास सोडून म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. आता पडू दे कितीही आजारी!"

*

मेडिकलची पोरं पहिले दोन-तीन महिने अभ्यासाला लागली की आमच्याकडे दुसरी लाट येते. त्यांना नवीन आजार जाहीर करायचे असतात. पुस्तकात जे वाचतील ते सगळं त्यांना होतं. एकाला तर पानागणिक होत होतं.

असाच नांदगावचा एक मुलगा मित्राला घेऊन धापा टाकत आला. नवाकोरा स्टेथोस्कोप गळ्यात. झोपतानासुद्धा काढत नसावा.

"मॅडम, एक गोष्ट डिक्लेअर करायची राहिली. माझं हृदय उजवीकडे आहे."

मी घाबरले. असं खरंच असतं कुणाकुणाचं, हे मला ठाऊक होतं. "कुणी सांगितलं? कॉलेजच्या सरांनी?"

"नाही, मीच शोधलं. काल रूमवर तपासलं, दोन वेळा. हा साक्षीला होता."

मित्राने गंभीरपणे मान हलवली. "मीही पाहिलं, मॅडम. उजवीकडेच आहे."

रूपालीने टाइप करायचं थांबवलं. "उभं कुठे राहून तपासलं?"

"आरशासमोर."

मित्राने हळूच आपला डावा हात वर केला, मग उजवा केला, मग दोन्ही खाली केले. दोघं उठले. दारात जाऊन तो मुलगा वळला आणि म्हणाला, "मॅडम, हे कंपनीला कळवायची गरज नाही ना?"

*

निकम शेठ दोन दिवसांनी एकटेच आले. सरांनी त्यांना चहा मागवला.

"शेठ, तुम्ही कांदा घेता तेव्हा काय करता?"

"काय करायचं? ट्रॉलीतला वरचा माल बघायचा, भाव बोलायचा."

"आणि खळ्यावर ट्रॉली खाली केल्यावर आतून गोल्टी निघाली तर?"

"गोल्टी?" शेठचा आवाज चढला. "वर मोठा माल रचायचा न् आत बारीक भरायचा? भाव तोडतो मी! भाव काय, ट्रॉली परत धाडतो!"

"कंपनीही तेच करते," सर म्हणाले. "आत्ता वरचा माल बघून पॉलिसी देईल. ट्रॉली खाली होते हॉस्पिटलात. तिथं लपवलेला दमा निघाला तर कंपनी पॉलिसी परत धाडते. आधीच लिहिलं, तर दम्यापुरतं काही काळ थांबायला सांगेल, पण पोरगी उघड्यावर पडणार नाही."

शेठ चहाच्या कपात बघत राहिले. "म्हंजे कंपनी व्यापारी, आन् मी ट्रॉलीवाला?"

"हो."

"आयला! जिंदगीत पहिल्यांदा ट्रॉलीच्या त्या बाजूला उभा राह्यलो."

आम्हाला वाटलं, जमलं. पण ते उठले. "समजत नाय असं नाय, सर. मागच्या वर्षी तिला ऑक्सिजन लावला व्हता, तवा उशाशी मीच बसलेलो. पण कदम साहेबांचं घर हातचं गेलं तर तिच्या आईला काय सांगू? जरा दम धरा." आणि निघून गेले. शुक्रवार जवळ येत चालला होता.

*

कदम साहेब. मी नाव ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मनमाडहून एक गृहस्थ आले. रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, बूट चकाचक, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारे. "मी कदम. मुलगा डॉक्टर सौरभ. हाडांच्या विभागात एम.एस.ला लागलाय, इथेच. हॉस्टेलसाठी पॉलिसी हवी आहे. तब्येत एकदम ठणठणीत!"

सरांनी विचारलं, "दमा?"

कदम साहेबांनी घड्याळ बघितलं. "म्हणजे दमा असा नाही. धुळीचं, थंडीचं जरा. खिशात पंप असतो त्याच्या, लागला तर. ते लिहावंच लागतं का? त्याचं काय आहे मॅडम, लासलगावला एका कांद्याच्या व्यापाऱ्यांकडे बोलणं चालू आहे. मुलगी डॉक्टर. आणि नेमकी छातीचीच डॉक्टर! तिच्यापासून काय लपणार म्हणा, पण निदान लग्न ठरेपर्यंत तरी..."

रूपालीच्या हातून माऊस पडला. तो उचलायला ती टेबलाखाली गेली आणि वर आलीच नाही. टेबल मात्र गदागदा हलत होतं. सर पाणी प्यायला उठले आणि एकामागून एक ग्लास रिचवत माठाकडे तोंड करून उभे राहिले. मी टेबलाखाली स्वतःच्या मांडीला चिमटा काढून म्हटलं, "साहेब, खरं लिहिलेलं बरं. आणि आमच्याकडून बातमी बाहेर जात नाही."

"विचार करून सांगतो," कदम साहेब म्हणाले आणि गाडी चुकेल म्हणून पळाले.

ते गेल्यावर आम्ही तिघं असे हसलो की बाळूभाऊ काय झालं म्हणून बघायला आले. त्यांनाही सांगता येईना! गिऱ्हाइकाची तब्येत म्हणजे गिऱ्हाइकाचं गुपित, ते फोडायचं नाही. पण एवढं मोठं गुपित पोटात घेऊन जेवण जातं का? मला तर गेलं नाही.

सर सगळ्यात हवालदिल. ते भावनेच्या भरात आले की सटाण्याची बोली बाहेर येते. "ताई, हाई न सांगणं म्हणजे खोटं बोलणं शे का?"

टेबलाखालून रूपालीचा आवाज आला. "नाही सर. वेटिंग पिरियड आहे."

*

शुक्रवार उजाडला. हॉस्टेलचा शेवटचा दिवस. मी अक्कलहुशारीने दोघांना वेगवेगळ्या वेळा दिल्या होत्या. निकम शेठना दहाची, कदम साहेबांना बाराची. मधे बाळूभाऊंची फोडणी होऊन जाईल आणि कुणाची कुणाशी गाठ पडणार नाही.

पण व्यापारी आणि रेल्वेवाला यांना वेळ देताना मी एक विसरले. व्यापारी लिलाव संपल्याशिवाय हलत नाही आणि रेल्वेवाला गाडीच्या तासभर आधी पोचतो. निकम शेठ आणि कोमल अकराला आले. त्यांच्या पाठोपाठ, चप्पल काढायच्या आत, कदम साहेब आणि सौरभ!

"अरे! निकम शेठ! तुम्ही इकडे?"

"कदम साहेब! आम्ही म्हंजे... गाडीचा विमा!"

"हो का! आम्हीसुद्धा. स्कूटरचा."

खैरनार सरांनी डोळे मिटून घेतले. एका दमात दोन खोट्या गोष्टी त्यांना सहन होत नाहीत.

चौघं एकाच बाकावर बसले. कडेला मुलं, मधे बाप. मुलांनी एकमेकांचे फक्त फोटो बघितले होते. कोमल पंख्याकडे बघत होती, सौरभ फरशीकडे. बापांना मात्र जोर चढला.

"आमची कोमल म्हंजे सांगतो साहेब, कधी शिंक नाय!"

"आमचा सौरभ काय! ब्रह्मगिरी चढतो, धाप लागत नाही."

"बारा महिने गार पाण्यानं आंघोळ!"

"हा तर पंखा फुल करून झोपतो!"

मी खिडकीकडे बघितलं. अकरा वाजून गेले होते! "रूपाली, खिडकी!" मी ओरडले. रूपाली उठली. पण तेवढ्यात भिंतीपलीकडे चर्रर्र आवाज झाला आणि बाळूभाऊंची फोडणी एक्झॉस्ट फॅनमधून सरळ गाळ्यात शिरली.

आधी सर ठसकले, मग मी, मग दोन्ही बाप. बाकाच्या एका टोकाला कोमल वाकली, दुसऱ्या टोकाला सौरभ. तिचा हात पर्समध्ये गेला, त्याचा खिशात. कोमलने एकदा बापाकडे बघितलं, बाथरूमच्या दाराकडे बघितलं आणि जागची हलली नाही. दोघांनी एकदमच तोंडाला लावले. दोन निळे इनहेलर!

खोकला थांबला. निकम शेठ छताकडे बघत होते, कदम साहेब घड्याळाकडे. इतका वेळ घड्याळ बघणारा माणूस मी पाहिला नाही.

पहिल्यांदा कोमल बोलली, आणि तीही डॉक्टरच्या आवाजात. "तुम्ही चुकीचा घेता. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू ओढायचा आणि जरा धरून ठेवायचा."

सौरभ डोळे पुसत म्हणाला, "मी हाडांचा. छातीचं तुम्ही बघा."

कोमलला हसू फुटलं. तिने इनहेलर पर्समध्ये ठेवलाच नाही. तो तिने टेबलावर मधोमध ठेवला. सरांची ट्रॉली शेठनी घरी सांगितली असावी, कारण ती म्हणाली, "पप्पा, दोन्ही ट्रॉल्या खाली झाल्या. आता बोला."

शेठनी खिशातून रुमाल काढला. आम्ही तिघांनी श्वास रोखला. शेठनी त्या रुमालाने आपले डोळे पुसले, नाक शिंकरलं, घसा साफ केला आणि सगळ्या इंदिरानगरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, लिहा! दमा!"

"आमचाही लिहा," कदम साहेब म्हणाले आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

दारातून बाळूभाऊंनी डोकं आत घातलं. "ताई, आज जरा जास्त झाली का फोडणी?"

कोमल आणि सौरभ एकमेकांकडे बघत होते आणि दोघांचेही कान लाल झाले होते, आता ते फोडणीने की कशाने, देव जाणे. रूपाली कीबोर्डवर बोटं ठेवून तयार बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "ताई, दोघांच्या वेगवेगळ्या काढू, का फॅमिली फ्लोटर?"